लाल, निळे आणि दोन बिशप

१९५२च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर भारत-इंग्लंड मालिकेतली शेवटची कसोटी सुरू होती. लेन हटनबरोबर सलामीला आलेल्या केंब्रिजच्या एका तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं ११९ धावा केल्या. कसोटीतलं त्याचं ते पहिलं शतक. भारताचा डाव ९८ धावांत गडगडला आणि पुढची अब्रू पावसानं राखली. भारताचे कर्णधार होते विजय हजारे, सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. शतक करणाऱ्याचं नाव डेव्हिड शेपर्ड. पुढे तो चर्च ऑफ इंग्लंडचा बिशप झाला, तोही अशा शहरात, जिथे ‘तुमचा संघ कोणता’ आणि ‘तुमचं चर्च कोणतं’ हे प्रश्न बराच काळ सारख्याच संशयानं विचारले जात होते.

धर्म आणि मैदान एकत्र आले की काय होतं, याचा अनुभव हजाऱ्यांच्या गाठीशी आधीपासूनच होता. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपीय असे संघ उतरत. या चारांत न बसणाऱ्यांसाठी १९३७ पासून ‘द रेस्ट’ नावाचा पाचवा संघ आला. ख्रिस्ती हजारे त्यातून खेळत. १९४३च्या डिसेंबरात ब्रेबॉर्न स्टेडियमवर झालेल्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या जोरावर हिंदू संघानं ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. फॉलोऑननंतर रेस्टच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. एका बाजूला उभे राहिलेले त्यांचे भाऊ विवेक यांनी ३०० धावांच्या भागीदारीत २१ धावा केल्या. सामना तरीही डावानं गेला. त्या खेळीचं कौतुक सगळ्या मुंबईनं केलं, पण गॅलरीत बसलेला माणूस फलंदाजाबरोबर त्याची जमातही मोजत होता. त्याच्या तीन वर्षं आधी, १९४० साली, हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींना भेटलं होतं. धर्मावरून संघ पाडणं आपल्याला मुळीच पटत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. १९४६ नंतर पंचरंगी सामने बंदच झाले.

मुंबईनं तिढा सोडवला तो स्पर्धाच मोडीत काढून. पण जिथे स्पर्धा मोडता येत नाही तिथे काय करायचं? शंभर-सव्वाशे वर्षांचे क्लब, पिढ्यान्‌पिढ्यांचे पाठीराखे आणि गल्लीगल्लीत चर्च असलेल्या शहरात?

या प्रश्नाला ब्रिटनमधल्या दोन शहरांनी दोन वेगळी उत्तरं दिली. ग्लासगोचं उत्तर जगाला अधिक ठाऊक आहे, कारण ते कडू आहे. १८८७ साली सेंट मेरीज या कॅथलिक चर्चच्या सभागृहात ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश धर्मबंधूनं सेल्टिक क्लबची स्थापना केली. पूर्व ग्लासगोतल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करणं हा त्यामागचा हेतू. पहिला सामना मे १८८८ मध्ये, रेंजर्स क्लबशीच झाला. सेल्टिकनं तो ५-२ असा जिंकला आणि नंतर दोन्ही संघ एकत्र जेवले. त्या पंगतीतून पुढे एवढं वैर उगवेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. आयर्लंडमधलं राजकारण, जहाजबांधणीच्या धंद्यातल्या नोकऱ्यांवरून चाललेली रस्सीखेच आणि वस्त्यांची वाटणी या सगळ्याची भर पडत गेली. सेल्टिक म्हणजे कॅथलिक आणि रेंजर्स म्हणजे प्रॉटेस्टंट हे समीकरण पक्कं झालं. रेंजर्सनं कित्येक दशकं जाहीरपणे कॅथलिक असणारा मोठा खेळाडू घेतलाच नाही. असा लेखी नियम नव्हता, पण पाळला मात्र लेखी असल्यासारखा जाई. जुलै १९८९ मध्ये व्यवस्थापक ग्रॅम सूनेस यांनी मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला करारबद्ध केलं, तेव्हा काही रेंजर्सवाल्यांनी आपल्याच क्लबचे स्कार्फ जाळले. धंदेवाल्यांची तऱ्हा याहून मजेशीर. एकाच क्लबच्या जर्सीवर नाव टाकलं तर दुसऱ्या क्लबचे लोक आपल्या मालाला हात लावणार नाहीत, या भीतीनं कंपन्या बरीच वर्षं दोन्ही क्लबांना एकदमच पुरस्कृत करत.

याची किंमत जीवानिशी मोजावी लागली. १९९५ साली सामन्यावरून घरी निघालेल्या सेल्टिकच्या एका सोळा वर्षांच्या पाठीराख्याचा भर रस्त्यात गळा चिरला गेला. त्याच्या शाळकरी मैत्रिणीनं पुढे ‘निल बाय माउथ’ ही संस्था उभी केली, जी आजही शाळाशाळांतून मुलांशी या द्वेषाबद्दल बोलते. स्कॉटलंड सरकारनं २०१२ मध्ये मैदानावरच्या द्वेषमूलक वर्तनाविरुद्ध खास कायदा आणला आणि २०१८ मध्ये संसदेनं तो रद्दही केला. घोषणा कायद्यानं थोड्या दबतात, मनं तशीच राहतात, एवढंच त्यातून दिसलं.

लिव्हरपूलचीही गत हीच व्हायला हवी होती. आयर्लंडमधल्या दुष्काळात, १८४७ या एका वर्षात, जवळपास तीन लाख आयरिश माणसं या बंदरात उतरली. बरीच पुढे अमेरिकेला गेली, पण ज्यांच्यापाशी पुढच्या तिकिटाचे पैसे नव्हते ती तिथेच राहिली. स्कॉटलंड रोडच्या आसपास कॅथलिक वस्ती, नेदरफील्ड रोडला प्रॉटेस्टंट. दर बारा जुलैला ‘ऑरेंज लॉज’ या प्रॉटेस्टंट संघटनेच्या मिरवणुका निघत आणि दगडफेक ठरलेली असे. १९०९ साली तर अशी दंगल झाली, की मिश्र गल्ल्यांतल्या कुटुंबांना घरं सोडून ‘आपल्या’ भागात जावं लागलं. या शहराच्या एका मतदारसंघातून १८८५ ते १९२९ इतका दीर्घ काळ आयरिश राष्ट्रवादी पक्षाचा खासदार निवडून येत होता, आणि नगरपालिकेत ‘प्रॉटेस्टंट पार्टी’ नावाचा पक्ष १९७०च्या दशकापर्यंत टिकून होता. ग्लासगोची सगळी सामग्री इथे होती, तरी इथल्या फुटबॉलनं ती वाट धरली नाही.

का धरली नाही, याचं एक कारण क्लबांच्या जन्मकथेत आहे. एव्हर्टन भागातल्या सेंट डोमिंगो या मेथडिस्ट प्रार्थनामंदिराचे पाळक बेन स्विफ्ट चेंबर्स यांच्या मंडळीतली तरुण मुलं उन्हाळ्यात क्रिकेट खेळत. हिवाळ्यात काय करायचं म्हणून १८७८ मध्ये त्यांनी फुटबॉलचा संघ काढला. बाहेरची मुलंही येऊ लागली, तेव्हा चर्चचं नाव सोडून वस्तीचं नाव घेतलं आणि १८७९ मध्ये एव्हर्टन फुटबॉल क्लब झाला. हा क्लब कुठे खेळत असे? अ‍ॅनफील्डवर. होय, ज्या अ‍ॅनफील्डचं नाव आज लिव्हरपूलशी जोडलेलं आहे तिथेच. एव्हर्टननं आपलं पहिलं लीग विजेतेपद १८९१ साली तिथेच मिळवलं.

भांडण लागलं ते जागेच्या भाड्यावरून. क्लबचे अध्यक्ष आणि मैदानाचे मालक जॉन होल्डिंग हे बिअरचे कारखानदार, हुजूर पक्षाचे पुढारी आणि ऑरेंज लॉजशी संबंधित. भाडं वाढत होतं, खेळाडूंनी कपडे बदलायचे तेही त्यांच्याच मालकीच्या सँडन हॉटेलात. समोर उभे राहिले जॉर्ज मेहन. उदारमतवादी पक्षाचे, दारूबंदीकडे झुकलेल्या मेथडिस्ट वर्तुळातले आणि प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवणारे. १८९२ मध्ये मेहन आणि मंडळी क्लब घेऊन स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला निघून गेली. रिकाम्या मैदानाचं करायचं काय म्हणून होल्डिंग यांनी नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल एफसी. म्हणजे शहराचे लाल (लिव्हरपूल) आणि निळे (एव्हर्टन) हे दोन पक्ष एकाच चर्चच्या अंगणातून, घरच्याच भाडेतंट्यातून निघाले. भांडण कडाक्याचं होतं, तरी १९०२ मध्ये होल्डिंग वारले तेव्हा त्यांच्या शवपेटीला दोन्ही क्लबांच्या खेळाडूंनी खांदा दिला.

पन्नासच्या दशकात एव्हर्टनकडून बरेच आयरिश खेळाडू खेळले आणि ‘एव्हर्टन कॅथलिकांचा, लिव्हरपूल प्रॉटेस्टंटांचा’ अशी आवई उठली. ज्या क्लबची नाळ मेथडिस्ट प्रार्थनामंदिरात पुरलेली, त्याला कॅथलिक ठरवणं हा विनोदच म्हणायचा. गुडिसन पार्कच्या एका कोपऱ्यात तर दोन स्टँडच्या मधोमध सेंट ल्यूक हे अँग्लिकन चर्च उभं आहे. मैदान चर्चला चिकटून वाढलं, चर्च मात्र जागचं हललं नाही. खरी परिस्थिती अशी, की एकाच घरात बाप निळा आणि मुलगा लाल, एक भाऊ इकडे नि एक तिकडे. संघ ठरे तो मामाच्या किंवा शेजाऱ्याच्या नादानं, क्वचित चिडवाचिडवीच्या हौसेनं. १९८४ साली वेम्ब्लीवर दोन्ही क्लब पहिल्यांदा अंतिम सामन्यात समोरासमोर आले. सामना गोलशून्य सुटला आणि लाल-निळ्या टोप्या घातलेले लोक एका सुरात ‘मर्सीसाइड’ असा घोष करत राहिले.

श्रद्धेची चेष्टाही या शहराला चालते. साठच्या दशकातला एक किस्सा सांगोवांगी आहे. एका चर्चच्या फलकावर प्रश्न होता : उद्या ख्रिस्त लिव्हरपूलला आला तर तुम्ही काय कराल? खाली कुणीतरी खरडलं : सेंट जॉनला इनसाइड-लेफ्टला हलवू. इयान सेंट जॉन हा तेव्हाचा लिव्हरपूलचा लाडका आघाडीचा खेळाडू. अशा थट्टेवर ज्या गावात पाळकही हसतो, तिथे काहीतरी आशेला जागा आहे असं समजायला हरकत नाही.

फुटबॉलमध्ये असा सैलपणा होता, पण चर्चांमध्ये नव्हता. तो आणण्याचं काम दोन परगावच्या माणसांनी केलं. त्यातले पहिले शेपर्ड.

केंब्रिजमध्ये एका प्रवचनानं त्यांचं आयुष्य बदललं. १९५४ मध्ये त्यांनी पाकिस्तानविरुद्ध दोन कसोटींत इंग्लंडचं नेतृत्व केलं आणि १९५५ मध्ये दीक्षा घेऊन ते उत्तर लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या चर्चमध्ये रुजू झाले. १९५६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर, जिम लेकरनं १९ बळी घेतले त्याच सामन्यात, त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११३ धावा केल्या. धर्मगुरू असताना कसोटी खेळणारे ते पहिलेच. १९६२-६३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी मेलबर्नला शतक काढलं आणि झेलही बरेच सोडले. वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रुमन यांनी या पाद्रीबाबांच्या जोडलेल्या आणि न जोडलेल्या हातांवरून केलेली कोटी इंग्लंडमध्ये आजही वेगवेगळ्या शब्दांत सांगितली जाते. २२ कसोटी, ११७२ धावा, तीन शतकं हा हिशेब वाईट नाही. पण त्यांची खरी कसोटी मैदानाबाहेर लागली.

१९६० साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला आला, तेव्हा त्याच्याविरुद्ध आपण खेळणार नाही असं शेपर्ड यांनी जाहीर केलं. खेळात राजकारण आणता, ही टीका त्यांना तेव्हापासून ऐकावी लागली. १९६८ मध्ये प्रकरण आणखी पेटलं. केपटाउनमध्ये जन्मलेले, तिथल्या कायद्यानं ‘कलर्ड’ ठरवलेले बॅसिल डिऑलिव्हेरा इंग्लंडकडून खेळत होते. ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा करूनही दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यातून त्यांना वगळण्यात आलं. पुढे एका खेळाडूनं माघार घेतल्यावर त्यांची निवड झाली, तर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फॉर्स्टर यांनी तो संघ नाकारला आणि दौरा रद्द झाला. डिसेंबरात लंडनमध्ये, इंग्लंडचे दौरे आखणाऱ्या एमसीसी या क्लबच्या सभासदांची खास सभा भरली. क्लबच्या समितीनं हे प्रकरण ज्या तऱ्हेनं हाताळलं त्यावर ठपका ठेवणारा ठराव शेपर्ड यांनी मांडला, अनुमोदन दिलं मायकेल ब्रिअर्ली या तरुण खेळाडूनं. समोर बसलेले कित्येकजण त्यांचे जुने सहकारी, ज्यांच्याबरोबर त्यांनी ड्रेसिंग रूम वाटून घेतली होती. ठराव मोठ्या फरकानं पडला.

शेपर्ड क्लब सोडून गेले नाहीत आणि गप्पही बसले नाहीत. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा पुढचा दौरा ठरला तेव्हा त्यांनी ‘फेअर क्रिकेट कॅम्पेन’ ही मोहीम हाती घेतली. पीटर हेन यांच्या नेतृत्वाखालची तरुण मंडळी मैदानात घुसून खेळ बंद पाडायला निघाली होती. शेपर्ड यांना दौरा रद्द करण्याची मागणी मान्य होती, पण वाट कायद्याच्या आतली हवी होती. म्हणजे एकीकडे जुन्या मित्रांशी मतभेद, दुसरीकडे आपल्याच बाजूच्या लोकांशी. मे महिन्यात दौरा रद्द झाला. सभ्यपणानं मतभेद मांडणं म्हणजे सौम्य मत बाळगणं नव्हे, हे या माणसाकडे पाहून कळतं. त्यांचं मत टोकदारच होतं. समोरच्याला शत्रू मानायला मात्र ते तयार नव्हते.

१९७५ मध्ये ते लिव्हरपूलचे बिशप झाले. दुसऱ्याच वर्षी कॅथलिकांचे आर्चबिशप म्हणून डेरेक वॉरलॉक आले. दोघं कुठल्याच बाबतीत सारखे नव्हते. शेपर्ड उंचेपुरे, खेळाडू, सुवार्तावादी परंपरेतले, विवाहित. वॉरलॉक लंडनच्या तीन कार्डिनलांचे सचिव राहिलेले, कागदपत्रांत मुरलेले, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत प्रत्यक्ष वावरलेले. शेपर्ड मजूर पक्षाकडे झुकलेले, तर वॉरलॉक यांचे वडील हुजूर पक्षाचे निवडणूक प्रतिनिधी होते.

दोघांची कॅथीड्रलं होप स्ट्रीट या एकाच रस्त्याच्या दोन टोकांना आहेत. तांबूस दगडांचं, डोंगरासारखं अँग्लिकन कॅथीड्रल ज्यांनी रेखलं ते जाइल्स गिल्बर्ट स्कॉट स्वतः कॅथलिक होते. दुसऱ्या टोकाचं गोलाकार, डोक्यावर मुकुट घातल्यासारखं कॅथलिक कॅथीड्रल १९६७ मध्ये पूर्ण झालं. मधलं अंतर चालत दहा मिनिटांचं. ते चालून जाण्याची सवय मात्र कुणाला नव्हती.

ही सवय फुकट लागली नाही. मार्च १९८२ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी लिव्हरपूलच्या पॅरिश चर्चमध्ये बोलायला उभे राहिले, तेव्हा पोपच्या येऊ घातलेल्या भेटीला विरोध करणाऱ्या कडव्या प्रॉटेस्टंटांनी इतका आरडाओरडा केला की त्यांना प्रवचन अर्धवट सोडावं लागलं. चर्चच्या आत, आपल्याच आर्चबिशपला! त्या प्रकारानं सामान्य प्रॉटेस्टंटांनाच लाज वाटली. ३० मे रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे आले. ते आधी अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये गेले, तिथे टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मग होप स्ट्रीटवरून ते मिस्सा अर्पण करायला दुसऱ्या टोकाला गेले. त्याच्या पन्नास वर्षं आधी याच शहरात हे झालं असतं तर सैन्य बोलवावं लागलं असतं.

शेपर्ड आणि वॉरलॉक यांची पद्धत साधी होती. जे एकत्र करता येईल ते एकत्रच करायचं. श्रद्धेचा खराखुरा अडसर असेल तिथेच वेगळं व्हायचं. या तत्त्वाला चर्चांच्या वर्तुळात ‘लुंडचं तत्त्व’ म्हणतात, कारण स्वीडनमधल्या लुंड गावी भरलेल्या जागतिक परिषदेत ते मांडलं गेलं. गंमत म्हणजे ती परिषद भरली तीही १९५२च्या ऑगस्टमध्येच. १९८१ मध्ये टॉक्स्टेथ भागात दंगल उसळली तेव्हा दोघं मिळून वस्तीत गेले. बेकारीवर सरकारकडे दोघं मिळून भांडले. पुढे नगरपालिका ‘मिलिटंट’ या जहाल डाव्या गटाच्या ताब्यात गेली, तेव्हा ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘द टाइम्स’मध्ये दोघांच्या नावानं त्या गटाविरुद्ध लेख आला. थॅचरबाईंचं सरकार आणि त्यांचे कट्टर विरोधक दोघंही चिडले, यावरून तोल बरा साधला असावा. लिव्हरपूलकरांनी या जोडीचं नाव ठेवलं ‘फिश अँड चिप्स’ : कायम एकत्र आणि कायम वर्तमानपत्रात. तिकडे मासे-बटाटे वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मिळत, आपल्याकडे भेळ मिळे तसे.

मतभेद मात्र त्यांनी झाकले नाहीत. दोघं एकमेकांच्या चर्चमध्ये प्रार्थना करत, पण एका वेदीवरून पवित्र भाकर घेत नसत, कारण कॅथलिक नियमांना ते मंजूर नव्हतं. दर मोठ्या उपासनेत हे न घेणं सगळ्यांसमोर होई. नोव्हेंबर १९९२ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनं स्त्रियांना धर्मगुरू करण्याचा निर्णय घेतला. शेपर्ड त्याच्या बाजूचे, तर वॉरलॉक यांच्या चर्चच्या लेखी ते अशक्यच. एकीच्या वाटेत मोठा धोंडा पडला हे दोघांनाही दिसत होतं. पण तोवर सोळा वर्षांचं येणं-जाणं जमा झालं होतं, म्हणून त्या धोंड्यानं रस्ता अडवला तरी बोलणं थांबलं नाही. ग्लासगो आणि लिव्हरपूल यांतला फरक बहुधा इथेच असावा. ग्लासगोतल्या मुलांच्या शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या आणि क्लबही त्याच रेषेवर. समोरचा माणूस भेटे तो थेट नव्वद मिनिटांच्या युद्धात. लिव्हरपूलमध्ये तो जेवणाच्या टेबलावर आधीच भेटलेला असे. पत्र लिहून करिंथच्या मंडळीतल्या गटबाजीला झापणाऱ्या संत पौलानं त्याच पत्रात शर्यत आणि मुष्टियुद्धाचे दाखले दिले आहेत. चुरस आणि तट या दोन गोष्टी निरनिराळ्या असतात, हे त्यालाही ठाऊक असावं.

या जोडीच्या काळातच शहरावर दोन काळी वर्षं आली. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हायझेल मैदानात लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी केलेल्या हल्ल्यानंतर भिंत कोसळून ३९ माणसं मेली, त्यांत बहुतेक युव्हेंटसचे पाठीराखे. इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. त्याच वर्षी इंग्लंडचा विजेता ठरलेला एव्हर्टन युरोपियन कपला मुकला. ही सल निळ्यांच्या मनात आजही आहे आणि ती अनाठायी आहे असं म्हणता येत नाही.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात पोलिसांच्या गलथानपणामुळे लिव्हरपूलचे पाठीराखे कुंपणाशी चेंगरले. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. दुसऱ्याच दिवशी कॅथलिक कॅथीड्रलमध्ये मृतांसाठी मिस्सा झाली. आत जागा नव्हती, बाहेर हजारो लोक उभे होते आणि त्यांत निळे स्कार्फ होते. आठवड्यानंतर, २२ एप्रिलला, गुडिसनपासून अ‍ॅनफील्डपर्यंत स्टॅन्ली पार्क ओलांडून सुमारे मैलभर लांब स्कार्फांची साखळी बांधली गेली, एक लाल आणि एक निळा. महिन्याभरानं एफए कपचा अंतिम सामना आला तो नेमका याच दोन क्लबांत. लिव्हरपूलनं तो ३-२ असा जिंकला.

पोलिसांनी दोष मेलेल्यांवर ढकलला होता आणि ‘द सन’नं ते खोटं पहिल्या पानावर छापलं होतं. त्याविरुद्धची लढाई सत्तावीस वर्षं चालली. २०१० मध्ये नेमलेल्या स्वतंत्र चौकशी मंडळाचे अध्यक्ष होते शेपर्ड यांच्यानंतरचे लिव्हरपूलचे बिशप, जेम्स जोन्स. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांचा अहवाल आला, तोही सगळ्यांत आधी अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये, मृतांच्या कुटुंबीयांसमोर. पाचच दिवसांनी गुडिसन पार्कवर एक लहान मुलगी एव्हर्टनच्या आणि एक मुलगा लिव्हरपूलच्या जर्सीत हात धरून मैदानात आले. एकाच्या पाठीवर ९, दुसऱ्याच्या पाठीवर ६. तेव्हा मृतांचा अधिकृत आकडा ९६ होता. २०१६ मध्ये ज्यूरीनं निकाल दिला, की हे मृत्यू बेकायदा होते आणि प्रेक्षकांचा काहीही दोष नव्हता. पुढच्याच वर्षी दोन्ही क्लबांनी ‘द सन’च्या पत्रकारांना आपली दारं बंद केली. एकमेकांशी एरवी एकमत नसणाऱ्यांचं इथे एकमत होतं.

यावरून लिव्हरपूल म्हणजे संतांची वस्ती असं कुणी समजू नये. प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक लाल कार्डं दिसली ती याच दोन क्लबांच्या सामन्यांत. हायझेलवरून घोषणा होतात, आईबाप काढले जातात, तिकिटं महागल्यापासून एका घरचे लाल-निळे पूर्वीसारखे शेजारी बसतातच असं नाही. वॉरलॉक १९९६ मध्ये गेले, शेपर्ड २००५ मध्ये. लोकवर्गणीतून उभं राहिलेलं दोघांचं ब्राँझ स्मारक २००८ पासून होप स्ट्रीटवर आहे. पण रविवारच्या उपासनेला येणाऱ्यांची संख्या दोन्ही कॅथीड्रलांच्या शहरात घटतच चालली आहे. ज्या मंडळींनी भांडण मिटवलं, तीच मंडळी विरळ होताहेत.

तरी शिकलेलं सगळंच पुसलं गेलेलं नाही. २०१५ साली एव्हर्टन आणि लिव्हरपूलच्या पाठीराख्यांच्या संघटनांनी मिळून ‘फॅन्स सपोर्टिंग फूडबँक्स’ हे काम सुरू केलं. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर गरजूंसाठी अन्न गोळा करायचं. पास्त्याची पाकिटं, डबाबंद शेंगा, लहान मुलांचं दूध, असं काहीही. ही कल्पना इतर शहरांतल्या क्लबांच्या लोकांनीही उचलली आहे. अन्न वाहून नेणारी गाडी जांभळ्या रंगाची आहे, कारण लाल आणि निळा मिसळला की तोच रंग होतो.